उसना गळा

माझ्या आत्याला गाण्याचं अंग काडीचंही नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. लहानपणी ती गुणगुणायला लागली की माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कानांत बोटं घालून घराबाहेर पळायचे. अशी ही बाई जन्मभर नोकरीला राहिली ती मात्र ऑपेरागृहात. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, शहरात बस चालवायचे. ऑपेरा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "जिथं लोक भांडतातसुद्धा गाऊन, आणि मरताना तर जास्तच गातात."

आत्या शिवणखात्यात होती. हे खातं इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, छपराला लागून. लांबलचक टेबलं, वाफेच्या इस्त्र्या, खिडकीपाशी ओळीनं उभे असलेले बिनडोक्याचे शिवणपुतळे, आणि भिंतीवर एक लहानसा स्पीकर. खाली रंगमंचावर जे चाललेलं असेल ते त्यातून ऐकू यायचं. त्यामुळे वर बसलेल्या बायका डोळ्यांनी प्रयोग कधी बघत नसत, पण कुठल्या अंकात कोण विष घेतं हे त्यांना पाठ असे.

त्या काळात ऑपेरागृहाची मुख्य गायिका म्हणजे बाई. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाहेर त्यांचं केवढं नाव होतं ते मी सांगायला नको. वर शिवणखात्यात मात्र त्यांची ख्याती वेगळी होती. बाईंना माप द्यायला उभं राहण्याचा भारी कंटाळा. दोन टाचण्या लागल्या की त्यांचे पाय वळवळायला लागायचे. मग एक दिवस मास्तरांच्या, म्हणजे कापड बेतणाऱ्या मुख्य शिंप्याच्या, लक्षात आलं की आत्याची आणि बाईंची अंगलट तंतोतंत एक आहे. उंची, खांदे, मानेची लांबी, कशातच सुताचा फरक नाही. त्या दिवसापासून बाईंचे कपडे आत्याच्या अंगावर बेतले जाऊ लागले आणि मास्तर आत्याला 'पुतळी' म्हणायला लागले. पुढं तेच नाव रुळलं.

शेवटची बटणं लावायला तेवढं बाईंना वर यावं लागे. तेव्हा आत्या त्यांच्या गळ्यापाशी टाचण्या घेऊन उभी असायची. बाई मधेच 'आ' लावायच्या. वरचा स्वर घेताना त्यांच्या गळ्याच्या दोन बाजू फुगायच्या, मधली घाटी वर सरकायची, आणि बेताची कॉलर आत्याच्या बोटांखाली कचकन ताणली जायची. आत्या तेवढी शिवण उसवून पुन्हा घालायची. दोघींचं बोलणं तसं बेताचंच. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "माझा गळा माझ्या आईला आणि तुलाच माहीत. बाकीच्यांना नुसता आवाज."

बाई गेल्या त्या न्यूमोनियानं, ऐन मोसमात. नव्या ऑपेऱ्याची तयारी चालू होती. राखी निळ्या रंगाचा उंच गळ्याचा झगा जवळजवळ पुरा झाला होता. दुपारची वेळ होती. आत्या तो झगा घालून स्टुलावर उभी, मास्तर गुडघ्यांवर बसून खालची घडी बेतत होते, आणि टेलिफोन वाजला. घेणाऱ्या मुलीनं ऐकून घेतलं आणि रिसीव्हर खाली न ठेवताच ती म्हणाली, "बाई गेल्या."

आत्याच्या अंगभर टाचण्या. तिला खाली बसताही येईना. मास्तर तसेच गुडघ्यांवर राहून म्हणाले, "पुतळे, उतरव हळूच. चुरगळू नकोस."

बाईंना त्याच झग्यात शेवटचा निरोप द्यावा, असं घरच्यांनी कळवलं. तो घालायचं काम आत्याकडं आलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिनं एकटीनं ते केलं. पाठीची बटणं झाली, बाह्या झाल्या, गळ्याचे हुक लावायची वेळ आली तेव्हा कॉलर सैल बसली. वरच्या स्वरासाठी जेवढी जागा सोडली होती तेवढी तिथं रिकामी राहिली होती. आत्यानं सुई काढली आणि ती जागा शिवून टाकली. घरी आल्यावर आतोबांनी विचारलं, कसं काय झालं सगळं. ती एवढंच म्हणाली, "झगा माझ्या अंगावरून काढला तेव्हा गरम होता. त्यांना घातला तेव्हाही थोडा होता."

*

ऑपेरागृहाच्या मंडळींनी बाईंचा पुतळा करायचं ठरवलं. छातीपर्यंतचा, ब्राँझचा, मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी बसवायचा. ज्या शिल्पकाराला काम दिलं तो उंच, वाकलेला, बोलण्यात तुसडा पण कामात जीव ओतणारा माणूस होता. त्याच्याकडे बाईंचे फोटो होते आणि त्या गेल्यावर चेहऱ्यावरून घेतलेला प्लास्टरचा मुखवटा होता. एवढ्यावरून कपाळ, नाक, डोळ्यांची ठेवण सगळं जमलं. पण त्याला बाई गाताना हव्या होत्या, आणि मुखवट्याचं तोंड मिटलेलं. गळा तर नव्हताच. फोटोंमधे दर वेळी कसला ना कसला दागिना नाही तर फर आडवी आलेली. तो मास्तरांकडे जुन्या मापांसाठी आला. मास्तरांनी आत्याकडे बोट दाखवलं. "मापं कशाला? ही बघा, उभीच आहे."

आत्या मुळात नको म्हणाली होती. मग मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, बाईंसाठी एवढं करा. बाईंचं नाव काढल्यावर तिचा नाइलाज झाला.

शिल्पकाराची कामाची जागा म्हणजे पूर्वीचं गाड्यांचं गॅरेज होतं. वर काचेचं छप्पर, खाली सिमेंटची जमीन, ओल्या मातीचा गारवा, आणि मधोमध ओल्या फडक्यांत गुंडाळलेलं ते मातीचं डोकं. आत्या रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिथं जायची. खांद्यांवरून चादर घेऊन, मान किंचित मागे टाकून, तोंड उघडून बसायची. समोरच्या फळीवर तो प्लास्टरचा मुखवटा ठेवलेला. तोंड उघडं ठेवून त्या मिटल्या तोंडाकडे बघत बसणं तिला सोसेना. तिनं तसं सांगितल्यावर शिल्पकारानं मुखवटा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग तर आणखीच वाईट. मुखवट्याची मागची बाजू पोकळ असते. उजेड फिरला की आत खोलगट चेहरा दिसायचा आणि तो आपल्याकडेच वळतोय असं वाटायचं.

काही दिवसांनी शिल्पकार हातातली माती आपटून म्हणाला, "जमत नाही. तुमचा गळा झोपलेला आहे. आवाज काढा."

"मला गाता येत नाही हो."

"गायला कोण सांगतंय? नुसता आ करा. वरचा."

"वरचा म्हणजे कुठला?"

"तुम्ही त्यांच्या गळ्याशी इतकी वर्षं उभ्या होता. जिथं कॉलर ताणली जायची, तिथला."

आत्यानं डोळे मिटले. बोटांत तो कचकन बसणारा ताण आठवला आणि तो आपल्या गळ्यावर आणायचा प्रयत्न केला. आवाज निघाला तो बेसूरच. पण गळ्याच्या दोन बाजू फुगल्या, घाटी वर सरकली. शिल्पकार भराभर माती लावत सुटला. मग तसंच रोज. घरी येऊन आत्या आतोबांना सांगायची, "आज तासभर ओरडले," आणि आतोबा म्हणायचे, "वा, म्हणजे आज माझी सुट्टी."

*

पुतळा झाला. मोठ्या समारंभानं पडदा सरकला. चेहरा हुबेहूब बाईंचा, सगळ्यांचं एकमत. शिवणखात्याला मागं उभं राहायला जागा मिळाली होती. आतोबाही ड्युटी बदलून आले होते. त्यांनी एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि हळूच म्हणाले, "अगं, हनुवटीखाली तूच आहेस."

"चूप बसा."

"चूप काय बसा? वीस वर्षं बघतोय तो गळा. आता लोक हार घालतायत त्याला."

हे ते चेष्टेनं म्हणाले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं.

बाईंच्या आईंना तेव्हा पुढं आणलं गेलं. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. त्यांचा हात धरून पुतळ्यावर ठेवला. त्यांनी कपाळ चाचपलं, नाक, डोळे, गालाची हाडं, आणि चेहऱ्यावर हसू आलं. मग बोटं ओठांवर आली, हनुवटीवरून खाली गळ्यावर उतरली, आणि थांबली. हसू गेलं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, दुपारी ऑपेरागृहात सामसूम असताना, त्या काठी टेकत यायच्या, पुतळ्यापाशी उभ्या राहायच्या, गळ्यावर हात ठेवून. आत्याला हे दरवानाकडून कळलं, आणि तिनं मोठ्या जिन्यानं येणं-जाणं बंद केलं. सामानाच्या लिफ्टनं वर जायची, तिनंच खाली यायची. जिन्यापाशी गेलं की आपला गळा आपल्यापाशी नाही असं वाटतं, असं ती म्हणायची. हातानं चाचपून बघावं लागायचं.

एक दिवस ती लिफ्ट बंद पडली. आत्या हातांवर कपड्यांचा ढीग घेऊन मोठ्या जिन्यानं उतरली तर खाली बाईंच्या आई नेमक्या परत निघालेल्या. त्यांची काठी सगळ्यात खालच्या पायरीला अडून निसटली. आत्यानं कपडे टाकले आणि पुढं झाली. पडताना माणूस मिळेल ते धरतं. म्हातारीचा हात आत्याच्या खांद्यावर पडला आणि तिथून मानेवर सरकला. त्या सावरल्या. पण हात काढेनात. अंगठा घाटीवर, बाकीची बोटं बाजूच्या शिरेवर.

"तर तू आहेस होय," त्या म्हणाल्या.

"मावशी, मला त्यांनी सांगितलं म्हणून मी..."

"घाबरू नकोस. मी रागावले नाही. त्या ब्राँझच्या गळ्यावर इतके दिवस हात ठेवून विचार करत होते की हिला कुठून शोधायची." मग त्या म्हणाल्या, "हा गरम आहे. ते फार गार लागतं गं."

त्यांनी आत्याला घरी यायला सांगितलं. आत्याला नाही म्हणता आलं नाही.

*

बाईंच्या आई एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायच्या. बाईंनी मोठं घर दिलं होतं, पण तिथं भिंती सापडत नाहीत म्हणून त्या इकडेच परत आल्या होत्या. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, आणि खिडकीखाली रेकॉर्ड प्लेयर. बाईंच्या सगळ्या रेकॉर्ड त्यांच्याकडे होत्या. कुठली कुठली हे कळावं म्हणून वेष्टनाच्या कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी मारलेल्या, प्रत्येकीच्या वेगळ्या.

म्हातारीनं पहिल्याच दिवशी काय हवं ते सरळ सांगितलं. "लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून गायची आणि मी इथं हात ठेवायचे. मी दिवसभर एक्स्चेंजमध्ये परक्यांचे आवाज जोडायचे. घरी आल्यावर हा एकच आवाज हाताला लागायचा. मला तो परत पाहिजे. तू गाऊ नकोस. रेकॉर्ड लागेल, तू फक्त तिच्याबरोबर गळा हलव."

आत्याला वाटलं, म्हातारीचं समाधान होत असेल तर आपलं काय जातं? अंगाला भोकं तर पडत नाहीत. ती समोरच्या खुर्चीवर बसली. रेकॉर्ड लागली. म्हातारीचा हात गळ्यावर आला. आत्या इतकी वर्षं स्पीकरवर तीच गाणी ऐकत शिवत आलेली. कुठं श्वास घ्यायचा, कुठं स्वर चढतो, सगळं आपोआप येत गेलं. गाणं संपलं तेव्हा म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आत्या एखादं वजन उचलावं तशी थकली होती.

ती दर आठवड्याला जाऊ लागली. पुढं आठवड्यातून दोनदा. म्हातारी गाण्यांच्या मधे गप्पा मारायची. फटकळ होती, आत्याला हसवायची. एकदा कुठल्याशा मंत्र्याचा फोन तिनं मुद्दाम त्याच्या सासूला कसा जोडून दिला होता, ते तिनं इतकं रंगवून सांगितलं की आत्याला ठसका लागला. पण हळूहळू गप्पा कमी झाल्या आणि गाणी वाढली. एक दिवस म्हातारी म्हणाली, "छकुले, पाणी दे गं." बाईंचं घरातलं नाव ते. आत्या उठली आणि पाणी दिलं. आपण उठलो कशा, हे तिला पेला परत घेताना कळलं.

घरी आतोबांना आधी गंमत वाटली, मग वाटेना. भाजी चिरताना आत्याचा गळा हलायचा. तोंडातून आवाज नाही, पण गळा चालू. त्यांनी हाक मारली की ती वळून बघायची आणि क्षणभर तिच्या डोळ्यांत ओळख नसायची. शिवणखात्यात तर एक दिवस स्पीकरवर नवी गायिका बाईंचंच गाणं म्हणत होती. ती वरच्या स्वराला चुकली, आणि त्याच वेळी इस्त्री करणाऱ्या मुलींनी पाहिलं की पुतळीचं तोंड पूर्ण उघडलंय, मान मागे गेलीय, डोळे कुठंतरी लांब. एकेकीनं हातातलं काम थांबवलं. मास्तरांनी टेप घेतली आणि तिचा गळा मोजला. वर्षानुवर्षं जे माप त्यांना पाठ होतं, त्याहून तो बोटभर जास्त भरला. त्यांनी पुन्हा मोजला. मग टेप गळ्यात अडकवून ते म्हणाले, "पुतळे, तू तिकडं जाणं थांबव."

"म्हातारीला इथं दुसरं कुणी नाही मास्तर."

"तुला आहे ना?"

ती थांबली नाही. एक दिवस म्हातारीच्या घरून निघताना ती दारातून म्हणाली, "आई, येते मी." आतोबा तिला घ्यायला आलेले, जिन्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. रस्त्यात त्यांनी विचारलं, "तुझी आई जाऊन किती वर्षं झाली गं?" आत्या पाऊल न थांबवता म्हणाली, "मला वाटलं, मी मावशी म्हणाले." आतोबा आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी घाबरले, असं त्यांनी मला पुढं सांगितलं. बस चालवणारा माणूस, समोर काय येईल ते येईल, पण शेजारी कोण बसलंय हेच कळेनासं झालं तर काय करायचं?

पुढच्या वेळी ते तिच्याबरोबर वर गेले. "आजी, मी बसलो तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "बस की. फक्त शिंकू नकोस." ते दाराजवळ पलंगाच्या कडेला टोपी हातात धरून बसले. हे पुढचं सगळं त्यांनी पाहिलेलं आहे.

म्हातारीनं गाठी चाचपून एक रेकॉर्ड काढली. बाईंची सगळ्यात गाजलेली, ज्यात नायिका नवऱ्याची वाट बघत शेवटचं गाते. हात आत्याच्या गळ्यावर आला. बाईंचा आवाज खोलीत भरला. आत्याचं तोंड उघडलं, मान मागे गेली, आणि आतोबांना खरोखरच कळेना की आवाज खिडकीखालून येतोय की खुर्चीवरून. समोर बसलेल्या बाईचे हात, केस, पायातल्या चपला त्यांच्या बायकोच्या होत्या. बाकी कशाची त्यांना खात्री नव्हती.

ऐन वरच्या स्वराला वीज गेली.

रेकॉर्ड एकदम थांबत नाही. फिरता फिरता मंदावते. बाईंचा तो उंच आवाज घसरायला लागला, जड झाला, पुरुषाच्या आवाजाइतका खाली आला, मग त्याचा नुसता घोगरा उसासा राहिला, आणि तोही गेला. आतोबा म्हणाले, माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

आणि मागे आवाज उरला तो आत्याचा. ती थांबलीच नव्हती. आणि आता घशातून खरोखरचा आवाज येत होता. पातळ, चिरका, सुराला धरून न राहणारा. तिला ते कळत नव्हतं. ती गात राहिली, गाणं जिथं संपतं तिथपर्यंत. म्हातारीचा हात तोवर गळ्यावरच होता.

मग तिनं तो काढून आपल्या मांडीवर ठेवला.

खालून चपलेवर हातोडी पडल्याचा आवाज येत होता. शेवटी म्हातारी म्हणाली, "मला दवाखान्यात आत सोडलं नव्हतं. आंधळी बाई मधे लुडबुड करेल म्हणाले. ती शेवटी कशी गेली ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणाले, शांत गेली." तिनं रेकॉर्ड प्लेयरच्या दिशेनं मान वळवली. "अशी गेली असणार."

आत्या रडायला लागली. तिनंही बाईंना जाताना पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला आली होती ती फक्त सैल झालेली कॉलर. तिनं पहिल्यांदाच ते म्हातारीला सांगितलं, कॉलर शिवून टाकल्याचं. "मी तिथली जागा बंद केली हो आई... मावशी. तुमच्या मुलीच्या श्वासाची जागा मी बंद केली."

म्हातारीनं तिचा हात चाचपून धरला. "मेलेल्याला सैल कपडा बरा दिसत नाही. बरं केलंस." मग तिनं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि तू मघाशी जे गात होतीस ना, ते फारच वाईट होतं."

"मी गात होते?"

"विचार नवऱ्याला."

आतोबांनी मान हलवली. मग म्हातारीला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "फारच वाईट होतं, आजी."

"तेवढं ऐकून तरी मला कळायला हवं होतं, ही माझी छकुली नव्हे," म्हातारी म्हणाली. "आता जा तुम्ही दोघं. पुढच्या वेळी यायचं तर नुसती ये. मी हात लावणार नाही."

*

आत्या त्यानंतरही जात राहिली. दोघी बसायच्या, बोलायच्या, रेकॉर्ड लागायची नाही. पण ते पहिल्यासारखं राहिलं नाही. दोघींच्या मधे कुणीतरी उठून गेल्यासारखी खुर्ची रिकामी वाटायची, असं आत्या म्हणायची. पुढं म्हातारीला तिच्या बहिणीनं दुसऱ्या गावी नेलं आणि तिथंच ती वारली. निरोप आला तेव्हा आत्या काम टाकून खाली गेली आणि पुतळ्यापाशी थोडा वेळ उभी राहून वर आली. मोठ्या जिन्यानं जायची तिला परत सवय झाली होती. गळ्याचं माप मात्र मूळपदावर आलं नाही. मास्तर निवृत्त होईपर्यंत अधूनमधून मोजत आणि मान हलवत.

ती पुन्हा कधी गायली नाही, गुणगुणलीसुद्धा नाही. माझं लग्न झालं त्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला, थट्टेतच, तर आतोबांनी एकदम विषय बदलला. का ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आतोबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि मग तुकड्यातुकड्यानं हे सगळं तिनं मला सांगितलं. काही तिच्याकडून, काही त्यांच्याकडून आधी ऐकलेलं.

तिचे शेवटचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. तिला एकदा ऑपेरागृह बघायचं होतं. मी तिला दुपारी घेऊन गेले. तिथं आता बाहेरच्या लोकांना इमारत दाखवतात. एक मुलगी दहाबारा जणांना जिन्यापाशी थांबवून सांगत होती की नवे गायक पहिल्या प्रयोगाआधी या पुतळ्याच्या गळ्याला हात लावतात, शकुन म्हणून. बाकी पुतळा काळपट झाला होता. गळा तेवढा हातांनी घासून पिवळाधमक. लोक एकेक करून पुढं येत होते, हात लावत होते, हसत होते. प्रत्येक हाताबरोबर आत्या माझ्या शेजारी आवंढा गिळत होती.

मला राहवेना. मी म्हटलं, "आत्या, सांगू का यांना?"

"नको."

"अगं पण तो तुझा..."

"नको म्हटलं ना. बाईंना तेवढंच आहे."

लोक वर गेल्यावर ती हळूहळू पुतळ्यापाशी गेली. मला वाटलं, गळ्याला हात लावेल. तिनं आपला कान त्या उघड्या तोंडाशी नेला. बाहेरचं मोठं दार कुणीतरी उघडलं आणि वारा आत आला. पुतळा आतून पोकळ होता. वारा त्यात शिरला असावा, कारण मलाही ऐकू आलं. लांबवर कुणीतरी आ लावावा तसं, बारीक, एका स्वरावर न ठरणारं. दार मिटलं तसं ते थांबलं.

"बाईंचा आवाज?" मी विचारलं.

आत्यानं मान हलवली. "छे. बाई एवढ्या बेसूर नव्हत्या."

"मग तुझा?"

तिनं पुन्हा कान लावला. दार आता बंद होतं, वाराही नव्हता, पण ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंदही नव्हता; शेजारच्या खोलीत कोण आलंय याचा कानोसा घ्यावा, तसं काहीतरी होतं.

"माझाही नाही," ती पुतळ्याकडे बघत म्हणाली. "हिचा स्वतःचाच असेल."

मग माझा हात धरून ती दाराकडे निघाली. बाहेर थंडी पडली होती. मी तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि आम्ही बसची वाट बघत उभ्या राहिलो.